निशिगंधाचे वाटे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मागच्या पडवीत सूप मांडीवर घेऊन बसलो होतो. "यंदा काहीतरी द्याच, सर. मात्र शिक्षणावर नको," असे ते हसत हसत म्हणाले. गेल्या दोन अंकांत मी शिक्षणावरच लिहिले होते आणि त्याबद्दल वाचकांचे एकही पत्र आले नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी 'बघतो' म्हणालो आणि पुन्हा सुपाकडे वळलो.

सुपात तांदूळ नव्हते. निशिगंधाचे कंद होते. वैशाखात कुंड्यांतून काढून माळ्यावर कोरड्या वाळूत ठेवलेले हे कंद भाद्रपदात एकदा खाली उतरवून निवडावे लागतात. चांगला कंद बोटांत घेतला की लसणीच्या गड्ड्यासारखा घट्ट लागतो. बिघडलेला लगेच दबतो आणि त्याला आंबूस वास येतो. दहांतला एखाददुसरा जातोच. काहींना श्रावणातच हिरवा मोड फुटलेला असतो. अशांना आई 'आगाऊ' म्हणायची. शाळेतही दरवर्षी अशी चारदोन मुले असतात. पण संपादकांनी शिक्षणावर नको म्हटले आहे.

गोव्यात निशिगंध लावणे यात नवल काहीच नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फुलकारणींकडे अबोली, जाई, शेवंती यांच्या शेजारी निशिगंधाचे दांडे बादलीत उभे असतात. ते बहुतेक घाटावरून आलेले असतात. पेडण्याच्या आमच्या घरी मात्र आई ते कुंड्यांत लावी, आणि तेही सगळ्या जगाच्या उलट वेळी. लोक उन्हाळ्याच्या शेवटी कंद लावतात, म्हणजे पावसावर वाढून ते श्रावणानंतर फुलतात. आमचे अंगण चिकण मातीचे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत गोव्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला निम्मा आमच्याच अंगणात साचतो की काय, असे लहानपणी वाटायचे. आईने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माहेरून, बांद्याहून, आणलेले कंद अंगणात लावले आणि ते श्रावणापर्यंत सडून गेले. दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा आणले. या वेळी पाऊसभर ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवले, हळदीच्या बियाण्याशेजारी, आणि पुनव झाल्यावर लावले.

पुनव म्हणजे कोजागरी. पेडण्यात दसऱ्यानंतरची ही पुनव किती मोठी असते ते पेडणेकरांना सांगायला नको. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, रात्रभर लोटलेली माणसे, खाज्याची दुकाने. त्या रात्री जागून आम्ही पोरे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपत असू. उठून मागीलदारी यावे तर आई कुंड्या भरत बसलेली. तेव्हा पाऊस परतलेला असतो, ऊन कडक असते, पण रात्री हवेत पहिला गारवा आलेला असतो. शेतात वायंगणाची, मिरचीची, कांद्याची बोलणी सुरू होतात. आईच्या हिशेबाने निशिगंधही वायंगणातलेच पीक. पुनवेनंतर लावलेल्या कंदाला आठवड्या-दोन आठवड्यांत पाते दिसे, दिवाळीत बोटभर वाढे, आणि पौष-माघात एखाद्या सकाळी पात्यांच्या मधून जाडसर दांडा वर आलेला दिसे. पहिला दांडा देवाला, दुसरा बाबांच्या टेबलावर पितळी तांब्यात. वास खरा सुटायचा तो रात्री नऊनंतर. तेव्हा बाबा वह्या तपासणे थांबवून चष्मा काढीत. तेवढेच त्यांचे कौतुक.

कुंड्या डिचोलीच्या. डिचोलीचे मातीकाम जुने आणि नावाजलेले. बुधवारच्या बाजारात कुंभार मडकी, कुंड्या, चुली मांडून बसत, आणि आई वर्षातून एकदा खास त्यासाठी बाबांना पाठवी. कुंडी बोटाच्या पेराने वाजवून घ्यायची, खालचे भोक अंगठ्याएवढे हवे, ही तिची अट. ते भोक कवलाच्या तुकड्याने झाकायचे, वर जांभ्याची बारीक खडी, मग एक वाटा लाल माती, एक वाटा नदीची वाळू, एक वाटा पुरते कुजलेले शेण आणि मूठभर राख. कंदाचा शेंडा मातीच्या खाली दोन बोटे. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. आत ओल राहत नाही आणि कंदाला तेच हवे असते. मी स्वतः एक वर्ष सोय म्हणून प्लॅस्टिकच्या कुंड्या वापरल्या आणि सोळांपैकी नऊ कंद घालवून बसलो. आता डिचोलीतच राहतो, कुंभाराकडे पायी जाता येते. तरी माणसाला प्लॅस्टिकचा मोह पडतो तो पडतोच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले संपली, पाती पिवळी पडू लागली की आई पाणी तोडत असे. मला ते क्रूर वाटायचे. सातवी-आठवीत असताना एकदा ती देवळात गेल्याचे पाहून मी साऱ्या कुंड्यांना तांब्या तांब्याने पाणी घातले. ती आली, ओली माती पाहिली, आणि रागावली नाही. म्हणाली, "न्हिदल्यात ते. उठयनाका तांकां."

या निजण्याउठण्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण त्यातच सारी मौज आहे. कंद म्हणजे वनस्पतीने वाईट दिवसांसाठी जमिनीत पुरलेली शिदोरी. वाईट दिवस कोणते, ते मात्र प्रदेशागणिक बदलते. आमच्या जांभ्याच्या सड्यावर वाईट दिवस म्हणजे दिवाळी ते मे. म्हणून कळलावी, रानहळद, मुसळी या सगळ्यांचे कोंब पहिल्या पावसाबरोबर वर येतात आणि पाणी आटले की पुन्हा खाली जातात. मोपाच्या सड्यावर आम्ही शाळकरी पोरे जुलैत भटकायला जात असू तेव्हा पाऊल कुठे टाकावे असा प्रश्न पडे, इतके ते माळरान फुलून यायचे. आणि डिसेंबरात तिथेच नुसता काळा खडक. आता त्या सड्यावर विमाने उतरतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि पुढच्या जानेवारीत विमाने सुरू झाली. माझा पुतण्या तिथेच नोकरीला आहे, त्यामुळे मी त्याबद्दल फार बोलत नाही. धावपट्टीखालचे कंद कधी उठायचे नाहीत, एवढेच मनात येते.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला याच्या नेमके उलट आहे. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून फ्रीझियासारखे तिथले कंद हिवाळ्यात वाढतात आणि उन्हाळाभर झोपतात. युरोपातल्या डॅफोडिल, ट्यूलिप यांची तऱ्हा तिसरीच. त्यांना जमिनीत कित्येक आठवडे कडक थंडी लागल्याशिवाय धड फूलच येत नाही. एका वर्षी आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई रजेवर होत्या आणि त्यांचा तास मी घेत होतो. मी मराठीचा एम.ए. वर्डस्वर्थची १८०७ साली पुस्तकात आलेली ती प्रसिद्ध कविता मी पदरचे चार शब्द घालून रंगवून सांगितली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "सर, तुमी पळयलां तें फूल?" मी नाही म्हणालो. "मग बाईंनी?" त्यांनीही नसावे. माघातल्या पहाटे पेडण्याला एका गोधडीत भागते, तिथे डॅफोडिल कुठून येणार? दुसऱ्या दिवशी मी घरची निशिगंधाची एक कुंडी वर्गात नेऊन ठेवली. कवितेशी तिचा काही संबंध नव्हता. पण कंद म्हणजे काय ते तरी मुलांनी हात लावून पाहिले. निशिगंधही मूळचा इथला नाहीच, मेक्सिकोतला. पण त्याला थंडीची अट नाही. माती निचऱ्याची हवी, ऊन हवे आणि वीस ते तीस अंशांच्या मधली हवा मिळाली की तो खूश. आमचा हिवाळा नेमका तसाच असतो. आईने हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते.

तिने एक गोष्ट मात्र मला कधी समजावून सांगितली नाही, नुसती केली. ती म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी कंद वेगळे करणे. वैशाखातली एक दुपार त्यासाठी ठरलेली असे. कुंडी आडवी करायची, कडेने थोपटायची, सगळा गोळा बाहेर काढायचा. माती झटकली की मध्ये एक सुरकुतलेला, पोकळ झालेला जुना कंद आणि त्याच्या भोवती दाटीवाटीने दहा-पंधरा लहानमोठी पिल्ले. ती हातांनी मोकळी करायची, सुरी लावायची नाही. सुपारीहून मोठी ती एका पाटीत. ती येत्या हिवाळ्यात फुलणार. लहान ती दुसऱ्या पाटीत. त्यांना एक-दोन वर्षे नुसती वाढू द्यायची. जुना पोकळ कंद खतात. मी एकदा तो उचलून विचारले होते, "हा परत लावायचा नाही?" ती म्हणाली, "त्याचें जालें."

त्याचे खरेच झालेले असते. निशिगंधाचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा एकदा वर आला की त्या कंदाचे काम संपते. पुढचे फूल त्याच्या पिल्लांनी द्यायचे. बांधावरचे घायपात आपण पाहतो ना? वर्षानुवर्षे नुसती काटेरी पाती, मग एक दिवस बांबूएवढा दांडा, आणि त्यानंतर झाड मरते. खाली पिल्ले उरतात. वनस्पतिशास्त्रज्ञांनी अलीकडे निशिगंधाला घायपाताच्याच प्रजातीत घातले आहे. आम्ही पाठ केलेले पॉलिअँथस ट्युबरोझा हे नाव जाऊन आता अगावे अमिका असे नाव आले. नाजूक निशिगंध आणि ते राकट घायपात एका घरातले, हे वाचून मला आधी हसू आले. मग आईचे 'त्याचें जालें' आठवले आणि पटले.

कुंडीतली गर्दी वाढली की काय होते तेही सांगतो. प्रत्येक पिल्लू जगते, पण कोणीच जाड होत नाही. माती तेवढीच, खाणारी तोंडे वाढलेली. वरून पाहावे तर कुंडी हिरवीगार, गवतासारखी भरलेली. पाहणाऱ्याला वाटते, काय छान तरारली आहे! पण दांडा येत नाही. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे येत नाही.

आमच्या घरात हे घडले.

आई २०११च्या आषाढात गेली. बाबा त्याआधीच गेले होते. आम्ही तिघे: पेडण्याच्या घरात राहणारा दादा, बांद्याला दिलेली बाय, आणि नोकरीमुळे डिचोलीत स्थायिक झालेला मी. गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे की आमच्याकडे वारशाच्या बाबतीत पोर्तुगीजांच्या १८६७च्या नागरी कायद्याची परंपरा आहे. मुलगा-मुलगी असा भेद नाही, वाटा सारखा. सगळ्या मालमत्तेची कोर्टात यादी होते, तिला आम्ही 'इन्व्हेंटरी' म्हणतो. वारसांचे एकमत झाले नाही तर यादीतल्या वस्तूंवर वारसांनीच आपसात बोली लावायची. जो जास्त बोलेल त्याची वस्तू, आणि ज्याच्या पदरात वाट्याहून अधिक पडले त्याने इतरांना पैसे भरून द्यायचे. कायदा चांगला आहे. बायला तिचा वाटा मिळाला तो याच कायद्यामुळे. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पलीकडच्या मुलींना तो मिळण्यासाठी फार वाट पाहावी लागली. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार माझ्याबद्दल आहे. २०१३ला आमची इन्व्हेंटरी सुरू झाली आणि २०१८ला संपली. यादीत घर होते, माड होते, काजूची बाग होती, समया होत्या, तांब्याचा बंब होता, बाबांचे टेबलसुद्धा होते. घराच्या बोलीचा दिवस आला. घर मला नको होते. डिचोलीत माझे बस्तान बसले होते, मुले शिकत होती, पेडण्याला परत जाण्याचा काहीच विचार नव्हता. दादा त्या घरात जन्मभर राहिलेला, आईचे शेवटचे दुखणे त्यानेच आणि वहिनीने काढलेले. त्याने पहिली बोली लावली. मी वर गेलो. तो वर गेला. मी आणखी वर गेलो. आईच्या दुखण्यातल्या एका जुन्या बोलण्याचा राग माझ्या मनात होता. दादाला ते स्वस्तात मिळू नये, एवढेच. बाय कोपऱ्यात पदर सावरून बसली होती, तिने तोंड उघडले नाही. शेवटी मी थांबलो, तेव्हा घराचा आकडा कुठच्या कुठे गेला होता. आम्हा दोघांचे पैसे भरून देण्यासाठी दादाने काजूची बाग विकली. माझ्या वाट्याच्या पैशांतून मी डिचोलीच्या घराला मागची पडवी बांधली. सूप घेऊन बसतो ती हीच.

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. लग्नाकार्यात समोरासमोर आलो तर 'बरें मरे?' 'बरें' एवढेच. चवथीला मी पेडण्याला जाणे सोडले. आमच्या घराण्याचा गणपती तिथल्याच घरात, त्यामुळे मी चवथीला दीड दिवस डिचोलीत नुसता बसून काढत असे. बायचे आम्हा दोघांकडे येणे-जाणे होते. २०२०च्या टाळेबंदीत नाका बंद झाला तेव्हा तेही काही महिने थांबले.

यादीत एक गोष्ट नव्हती. आईच्या सात कुंड्या. कोर्टाच्या यादीत कोणी कुंड्या लिहीत नाही.

२०२२च्या मे महिन्यात वहिनींचा फोन आला. चार वर्षांत पहिला. म्हणाल्या, "भाऊजी, मामींच्या कुंड्या आहेत मागीलदारी. नुसती पाती वाढतात. फूल बघून सात-आठ वर्षं झाली. दोन तर फुटल्यात. हे म्हणतात टाकून द्या. मी म्हटलं, तुम्हांला विचारावं." पाणी त्या रोज घालत होत्या. बारा महिने. आईचे पाणी तोडण्याचे, कंद काढून वाळवण्याचे कोणी त्यांना सांगितलेच नव्हते. मला ठाऊक होते, पण मी तिथे नव्हतो.

रविवारी गेलो. दादा पडवीत पेपर वाचत होता, त्याने मान हलवली. मी सरळ मागीलदारी गेलो. सातांपैकी दोन कुंड्यांतले कंद वळचणीच्या धारेखाली येऊन पार सडले होते. पाच तगल्या होत्या. आई म्हणायची तसे सगळेच पावसात जात नाहीत, हे त्या दिवशी कळले. पण काय तगणे ते! गोळ्याला कुंडीचा आकार आला होता, माती दिसतच नव्हती, कंदाला कंद चिकटून चपटे झालेले. एक कुंडी गोळ्याच्या दाबाने वरपासून खालपर्यंत चिरली होती. मी ती फोडली आणि हातांनी कंद सोडवू लागलो. उन्हात अर्धा तास झाला असेल. मागे चपला वाजल्या. दादा येऊन शेजारी पाटावर बसला. हातात आईची जुनी, मूठ सैल झालेली कोयती होती.

"सुरी लावायची नाही," मी म्हणालो.

"माका खबर आसा," तो म्हणाला. त्याने कोयतीने फक्त मुळे छाटली.

बराच वेळ आम्ही नुसते काम केले. मग त्यानेच विचारले, फूल का येत नाही? मी सांगितले. गर्दी, माती, एका कंदाला एकदाच फूल, वगैरे. माझा सांगण्याचा सूर वर्गातला असतो, त्याला इलाज नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आईने लावलेला असा एकही यात नाही?"

"नाही. त्यांची पिल्ले, पिल्लांची पिल्ले."

तो काही बोलला नाही. हातातला कंद त्याने उगाच दोनदा पुसला.

मोजले तेव्हा एकशे त्र्याऐंशी कंद निघाले. त्यातले सुपारीहून मोठे फक्त बावीस. बाकी सगळे करंगळीएवढे. मी गप्प बसून होतो, कारण आता प्रश्न वाटे करण्याचा होता आणि आमच्या दोघांत या शब्दाचा काय अर्थ झाला होता हे दोघांनाही ठाऊक होते. दादाने सुपातून ते बावीस मोठे कंद उचलले, एकूण एक, आणि वेगळ्या फडक्यात बांधले.

"बायचो वांटो आदीं काडलां," तो म्हणाला. "आतां आमचे दोगांचे."

उरलेल्या लहान कंदांचे त्याने दोन ढीग केले. आमच्याकडे जुनी रीत अशी की वाटे करतो त्याने शेवटी उचलायचे. त्याने ढीग केले आणि हात मागे घेतला. मला उचलायला सांगितले. मी डावीकडचा उचलला. तिथे बसल्या जागी मला त्या बोलीच्या दिवसाबद्दल काहीतरी म्हणायचे होते. चार शब्द जुळवलेही होते. तेवढ्यात वहिनी कोकमाचे सरबत घेऊन आल्या आणि ते राहून गेले. आजही ते बोलायचे राहिलेच आहे.

त्या वर्षी चवथीला मी पेडण्याला गेलो.

कंद पाऊसभर तिघांकडे तीन माळ्यांवर राहिले आणि पुनवेनंतर तिघांनी लावले. बायकडे त्या हिवाळ्यात अकरा दांडे आले. पैकी एक तिने बसमधून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे पाठवला. पोचेपर्यंत खालची फुले गळली होती, पण वरच्या कळ्या दोन रात्री उमलत राहिल्या. दादाकडे दोन दांडे आले. ते कसे, हे मला अजून कळलेले नाही, कारण त्याचे कंद माझ्याएवढेच लहान होते. माझ्याकडे शून्य. "तुजेकडे किती?" असे तो दर आठवड्याला फोन करून विचारी आणि 'एकही नाही' म्हटले की फोनमध्ये त्याचा आनंद ऐकू येई. मी शेणखत वाढवले, हाडांचा चुरा घातला, कृषी खात्याच्या माणसाला विचारले. त्याने शांतपणे सांगितले, "सर, कंद दोन सेंटीमीटरच्या वर जाऊ द्या." हेच तर आई सुपारीच्या मापाने सांगायची.

माझ्या कुंडीत पहिला दांडा २०२४च्या माघात आला. रात्री साडेनऊच्या सुमारास मी शाळेचे कुठलेसे माहितीपत्रक भरत बसलो होतो आणि मागच्या पडवीतून वास आत आला. हा जुना, एका पदराच्या पाकळ्यांचा निशिगंध. हल्ली 'सुवासिनी' ही बेंगळुरूच्या फलोत्पादन संस्थेची दुपदरी जात फुलदाणीसाठी लोकांना आवडते, त्याच संस्थेच्या 'प्रज्वल'ला कळीवर गुलाबी छटा असते. मी दोन्ही आणून लावल्या, चांगल्या आहेत. पण वासाला एकपदरीच. यात आईचा पक्षपात असेल, तसाच तो राहू दे.

आता शाळेच्या व्हरांड्यातही आठ कुंड्या आहेत. गेल्या वर्षी पाचवीच्या मुलांनी काही कंद चक्क उलटे लावले, शेंडा खाली आणि मूळ वर. मी सांगितले नाही. पाते वळसा घेऊन आठ दिवस उशिराने का होईना, वर आले. मुलांना त्याचे फार कौतुक वाटले. शंखवाली मोठी गोगलगाय मात्र पावसानंतर रात्री येऊन कोवळी पाती खाते. तिच्यासाठी मुले सकाळी लवकर येऊन हाताने वेचतात. ज्या मुलांना प्रार्थनेला वेळेवर यायला जमत नाही ती यासाठी बरोबर सव्वासातला हजर असतात.

सुपातले कंद निवडून झाले. यंदा माझ्याकडे एकशे चाळीस आहेत, त्यांत मोठे एकसष्ट. गेल्या मे महिन्यात दादाच्या कुंड्याही मीच काढल्या. त्याचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, तो खुर्ची टाकून बसतो आणि सूचना करतो. बायच्या दोन कुंड्या या पावसात दगावल्या असे तिने काल कळवले. तिच्यासाठी बारा मोठे कंद बाजूला काढून फडक्यात बांधले आहेत. पुनवेपर्यंत थांबायचे आणि मग लावायचे, हे तिला सांगायची गरज नाही. पण भाऊबीजेला दादा आणि मी एकाच गाडीने बांद्याला जाणार आहोत. तोवर पुनव उलटून पंधरवडा होऊन गेलेला असेल. म्हणून फडके आधीच बसने पाठवावे की थोडा उशीर झाला तरी हातानेच न्यावे, यावर आमचे दोघांचे आज सकाळपासून फोनवर दोनदा भांडण झाले आहे.